आधी दोघांची जबानी

माझा मामा घरगाड्यांची वीज दुरुस्त करतो. घरगाडी म्हणजे जिच्यात झोपायला पलंग, रांधायला ओटा, तोंड धुवायला बेसिन आणि नवरा-बायकोला भांडायला जेमतेम सहा फूट जागा असते अशी गाडी. ही व्याख्या मामाचीच. माणसं मोठ्या हौसेने हिंडायला निघतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिवे मिणमिणायला लागतात, फ्रिज गप्प होतो, नळाचा पंप नुसताच घसा खाकरतो, आणि मग ती मंडळी एकमेकांशी न बोलता मामाच्या फाटकात येऊन उभी राहतात.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. 'आमच्या भाच्याला विजेतलं सगळं कळतं, फक्त दिवा लावता येत नाही,' अशी माझी ओळख मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला करून देतो. मला तो मास्तर म्हणतो. सुट्टी लागली की मी त्याच्याकडे जाऊन राहतो. वीज कशी वागते ते आमच्या पुस्तकात आहे, पण माणसं विजेशी कशी वागतात ते बघायला मामाच्या गॅरेजातच जावं लागतं.

गॅरेज म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. एका भिंतीवर मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या, त्यांत रंगांप्रमाणे फ्यूज भरलेले. दुसऱ्या भिंतीवर तारांची वेटोळी आणि एक मोठं घड्याळ. एक स्टूल दाराशी, एक पार मागे हात धुवायच्या नळाजवळ. खिळ्याला निळा एप्रन, त्याच्या खिशात मीटर, स्क्रूड्रायव्हर आणि एक जाड वही.

खरा कारभार त्या वहीचा. गिऱ्हाईक आलं की मामा मीटरला हात लावत नाही. नवऱ्याला दाराशी बसवतो, बायकोला नळाजवळ, आणि दोघांना वेगवेगळं विचारतो, "वीज जायच्या आधी तुम्ही काय करत होतात?" वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे 'तो म्हणतो', उजवीकडे 'ती म्हणते'. मामाच्या मते नव्वद टक्के बिघाड त्या रेघेवर सापडतो, उरलेल्या दहा टक्क्यांसाठी मीटर आहे.

मागल्या वर्षी एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांची पत्नी आली होती. सरांची जबानी अशी, की गाडीतले दिवे आपोआप मंद होतात, गाडी उभी होती, कुणी कशालाही हात लावलेला नाही. बाईंची जबानी अशी, की सरांनी आदल्या आठवड्यात गाडीच्या खालचं लोखंड स्वतः खरवडून रंगवलं, दोन हात दिले, आणि मान अवघडल्याचं कुणाला सांगायचं नाही अशी तंबी दिली. मामा गाडीखाली गेला आणि पाच मिनिटांत बाहेर आला. बॅटरीची परतीची तार जिथे गाडीच्या अंगाला बोल्टने जोडलेली असते, ती जागाही सरांनी सोडलेली नव्हती. तार सोडवून, खाली-वर चोपडून, पुन्हा आवळली होती. विजेला परत यायला वाटच ठेवली नव्हती. मामाने तेवढी जागा घासून लखलखीत केली आणि दिवे भक्कन पेटले.

"काय झालं होतं?" सरांनी विचारलं.

"जोड जरा गंजला होता," मामा म्हणाला.

हा त्याचा दुसरा नियम. एकाची जबानी दुसऱ्याला कधी कळत नाही. पान वाचायचा अधिकार फक्त एप्रन घातलेल्या माणसाला. त्यामुळे गावात त्याला सगळे 'जबानीमामा' म्हणतात आणि त्याच्यापाशी इतक्या संसारांची गुपितं आहेत, की तो रस्त्याने चालला तर निम्मी माणसं दुकानांच्या पाट्या वाचायला लागतात.

तिसरा नियम, गाडी पूर्ण रिकामी केल्याशिवाय आत शिरायचं नाही. "सामानाच्या आड बिघाड लपतो," असं तो म्हणतो. हा नियम लक्षात ठेवा, कारण पुढे यानेच मामाचं नाक कापलं.

मामाची स्वतःचीही एक घरगाडी आहे. बेकरीची जुनी व्हॅन दहा वर्षांपूर्वी घेऊन त्याने ती हाताने सजवली. दोन बाकं, मागे पलंग, छपराला पंखा. एकही तार विकतच्या कारागिराची नाही. गाडी तयार झाली तेव्हा त्याने मामीला शब्द दिला होता की पुढच्या वर्षी महिनाभर हिंडायला जाऊ. पुढच्या वर्षी लोकांच्या गाड्या आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी अजून आल्या. दहा वर्षं मामी ती गाडी महिन्यातून एकदा आतून पुसायची आणि पुन्हा कुलूप लावायची.

मामी कपडे शिवायची. तीस वर्षं स्वतःचं दुकान चालवलं, यंदा बंद केलं. ज्या दिवशी दुकानाची किल्ली घरमालकाला दिली, त्याच दिवशी जेवताना तिने मामाला सांगितलं, "अहो, येत्या शुक्रवारी सकाळी आठ वाजता आपण निघायचं. आठला नाही निघालो तर नऊला मी दातवाल्याला फोन करणार."

दातवाला म्हणजे कोपऱ्यावरचा दंतवैद्य. तो चार वर्षं या गाडीच्या मागे लागला होता. मामाची दाढ काढतानासुद्धा त्याने विचारलं होतं, विकता का म्हणून. मामाच्या तोंडात तेव्हा पक्कड होती, नाहीतर त्याने काय उत्तर दिलं असतं ते सांगता येत नाही.

"तू फोन नाही करणार," मामा म्हणाला.

"मी तीस वर्षं लोकांना कपडे दिलेल्या तारखेला दिलेत," मामी म्हणाली आणि आमटी वाढली.

मामाचा घास हातातच राहिला. मामी चिडली की भांडी वाजतात, त्याची त्याला सवय होती. या वेळी भांडी अजिबात वाजत नव्हती.

मग करार झाला. महिनाभर दोघांनी आपापला धंदा घरी ठेवायचा. मामाने मीटर न्यायचा नाही, मामीने शिवणयंत्र न्यायचं नाही. साक्षीदार म्हणून मला बसवलं.

रविवारी गाडी भरली आणि दुपारी आम्ही तिघं एक फेरी मारून बघायला निघालो. मामा शिट्टी वाजवत होता. पेट्रोल पंपापुढच्या गतिरोधकावर गाडी उडाली, आणि मागचा पंखा, फ्रिज, दिवे, सगळं एका दमात बंद. इंजिन चालू, पण घर ठार.

मामाने शिट्टी मध्येच सोडली. परत आल्यावर बघितलं तर बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज उडालेला.

"रिकामी करा," मामाने फर्मान काढलं.

मामी तत्परतेने आत चढली. "तुम्ही एप्रन घालून या, तोवर मी आवरते," असं म्हणून तिने डबे, गाद्या, उशा, पिशव्या भराभर उतरवल्या. मामाने मग तासभर आत घालवला. फ्रिजची जोडणी, पंपाची जोडणी, फ्यूजची पाटी, सगळं ठाकठीक. नवा फ्यूज टाकून आम्ही रिकामी गाडी त्याच गतिरोधकावरून तीनदा नेली. पंखा मजेत फिरत होता.

"फ्यूजच कच्चा होता," मामाने निकाल दिला.

मंगळवारी गाडी पुन्हा भरली. पुन्हा फेरी. पुन्हा गतिरोधक. पुन्हा अंधार. पुन्हा "रिकामी करा", पुन्हा मामीची तत्परता, पुन्हा रिकाम्या गाडीत सगळं छान. मामाने पंप बदलला. बुधवारी फ्यूजची अख्खी पाटी बदलली. बॅटरी बाहेर काढून, तपासून, पुसून परत बसवली. गाडी रिकामी असली की शहाण्या पोरासारखी वागायची, भरली की पहिल्या धक्क्याला फ्यूज जाळायची.

"मामा, बिघाड सामानात असेल," मी म्हणालो.

"गाद्या-उशांत वीज असते का, मास्तर? कुठल्या इयत्तेत शिकवता हे?"

गाद्या-उशांत वीज नसते, हे मीच सातवीला शिकवतो.

गुरुवारी संध्याकाळी दातवाला सहज म्हणून आला. हा माणूस कुठेही सहजच येतो. त्याने गाडीच्या दाराची उंची हाताने मोजली, खिडकीत डोकावला आणि मामीला विचारलं, "आतल्या गाद्या गाडीबरोबरच ना?"

मामी म्हणाली, "उद्या नऊला सांगते."

मामा गाडीखाली होता. त्याचे फक्त पाय दिसत होते, पण त्या पायांकडे बघूनही कळत होतं की ऐकणाऱ्याला लागलंय. थोड्या वेळाने तो बाहेर आला, माझ्याशेजारी बसला आणि हात पुसत म्हणाला, "वीस वर्षं लोकांना रस्त्याला लावलं, मास्तर. आता घरच्या माणसाला लावायची वेळ आली तर माझीच तार मला ओळख देईना." त्याला मी पहिल्यांदाच असा पडेल आवाजात बोलताना ऐकत होतो. मी फ्यूजच्या बरण्यांची झाकणं नीट लावत बसलो.

शुक्रवारी सकाळी सातला गाडी भरून तयार. मामी नवी ओढणी घेऊन पुढच्या सीटवर. मामाने गाडी सुरू केली. गॅरेजच्या फाटकाला एक लोखंडी पट्टी आहे, तिच्यावरून मागचं चाक धडकन उतरलं आणि पंखा थांबला.

सात वाजून दहा मिनिटं.

मामा खाली उतरला. कुणाकडेही न बघता म्हणाला, "रिकामी करा."

मामी उठायला लागली. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला, तोसुद्धा बॅटरीशिवाय. पाच दिवसांत मामाने मीटर लावला होता, आरसा लावला होता, कान लावला होता. वही उघडलीच नव्हती.

"थांबा," मी म्हणालो. "कुणी काही उतरवायचं नाही. आधी दोघांची जबानी."

"घरच्या गाडीला कसली जबानी?" मामा म्हणाला.

"घरची गाडी असली तरी नवरा-बायको आहेतच ना?"

मी खिळ्यावरचा एप्रन काढून गळ्यात अडकवला. तो मला गुडघ्याच्या खाली आला, पण अधिकार अधिकार असतो. मामाला दाराशी बसवलं, मामीला नळाजवळ, आणि पानावर उभी रेघ ओढली.

आधी मामा. "वीज जायच्या आधी काय करत होतास?"

"गाडी चालवत होतो. सगळ्या जगाने बघितलं."

"गाडीत काय काय आहे?"

"मला काय माहीत, सामान तिने भरलंय."

"तू काहीच ठेवलं नाहीस?"

मामाने मागे नळाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मीटर आहे. ड्रायव्हरच्या सीटखाली, फडक्यात. पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तो बंद आहे."

मी 'तो म्हणतो' खाली लिहून घेतलं. चेहरा कोरा ठेवणं किती अवघड काम आहे ते मला त्या दिवशी कळलं. मामा वीस वर्षं हे कसं करत आलाय कोण जाणे.

मग मामी. "गाडीत काय काय आहे ते सांग. अगदी पहिल्यापासून."

मामीने डबे सांगितले, गाद्या सांगितल्या, औषधं सांगितली, छत्र्या सांगितल्या. मग थांबली.

"अजून?"

"त्याचा काही संबंध नाही."

"मामी, संबंध मी ठरवतो. मी एप्रन घातलाय."

तिने पदराऐवजी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मशीन आहे. डाव्या बाकाखाली, गाद्यांच्या मागे. पण ते हाताने फिरवायचं आहे रे. त्याला वीज लागतच नाही. मग विजेच्या भानगडीत त्याचं नाव कशाला घ्यायचं? ह्यांनी रिकामी करा म्हटलं की मी तेच आधी उतरवायचे आणि शेजारणीच्या ओट्यावर नेऊन ठेवायचे. पाच दिवसांत माझी कंबर गेली."

"किती जड आहे?"

"तू उचलून बघ."

लाकडी पेटीतलं ओतीव लोखंडाचं यंत्र. चांगलं पंधरा किलोचं धूड. गाडी भरली की ते बाकाखाली, रिकामी केली की शेजारणीकडे. सातवीच्या पोरानेसुद्धा सोडवलं असतं.

पण आता पंचाईत अशी, की मला तार जोडता येत नाही. मी मामाकडे गेलो. "मला बिघाड कुठे आहे ते कळलंय. पण सांगता येत नाही. हिची जबानी तुला कशी सांगू?"

"मी कारागीर आहे. मला पान वाचायचा हक्क आहे."

"एप्रन घातलेल्यालाच आहे. आत्ता तू नवरा आहेस."

मामाने माझ्याकडे असं बघितलं, की शाळेत मी त्याचा भाचा नसून विद्यार्थी असतो तर बाकावर उभा राहिलो असतो. मग त्याने हात पुढे केला. मी एप्रन काढून दिला. त्याने तो घातला, नाडी बांधली, वही घेतली, उजवा रकाना वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. मिशीचा एक कोपरा हलला, तेवढंच. वही मिटून खिशात घातली आणि गाडीत शिरला.

साडेसात झाले होते आणि फाटकात दातवाला उभा होता. नऊची वेळ दिली असताना. हातात मोजायची टेप.

मामाने बाकाखालून गाद्या ओढल्या. पेटीला हात लावला आणि एखाद्या तान्ह्या बाळाला सरकवावं तशी ती अलगद बाजूला केली. तिच्याखालचं जाजम उचललं. "मास्तर, टॉर्च दाखव इकडे," तो आतून म्हणाला. मी टॉर्च घेऊन वाकलो, पण माझा उजेड भलतीकडेच पडत होता.

"मी धरतो," दातवाला म्हणाला. टेप खिशात टाकून तो आत शिरला. अडचणीच्या जागेत उजेड पाडणं हा त्याचा रोजचा धंदा. त्याने खिशातून दांडीला लावलेला तो आपला छोटा आरसा काढला, जाजमाखाली सरकवला आणि सवयीने म्हणाला, "आतल्या बाजूने किडलीय. बराच खड्डा पडलाय."

खरंच पडला होता. बॅटरीपासून फ्यूजच्या पाटीकडे जाणारी मुख्य तार तिथून गेली होती. पेटीचा जड पाया नेमका तिच्यावर, आणि तारेखाली बाकाच्या चौकटीची कड. गाडी उभी असेपर्यंत ठीक. धक्का बसला की पेटी दाबणार, सोललेली तार चौकटीला टेकणार, फ्यूज उडणार.

पण मामा तारेकडे बघत राहिला होता ते वेगळ्याच कारणाने. सगळीकडे तार प्लॅस्टिकच्या नळीतून गेली होती. या हातभर जागेत नळीच नव्हती. गिऱ्हाइकाच्या गाडीत असं दिसलं तर मामा कारागिराच्या सात पिढ्या उद्धरतो.

"इथे कोण काय ठेवणार आहे, असं वाटलं असेल तेव्हा," तो हळूच म्हणाला. हे त्याने कुठल्या रकान्यात लिहायचं म्हणून सांगितलं नाही, म्हणून मी लिहिलं नाही.

त्याने तेवढा तुकडा कापला, नवी तार जोडली, जोडावर आवरण चढवलं, नळीत घातली आणि आता ती जमिनीवरून न नेता बाकाच्या मागच्या भिंतीला वरून क्लिपांनी ठोकत नेली. एक क्लिप, दोन क्लिपा. घड्याळात आठला पाच कमी, मग तीन कमी. मामी नळाजवळून उठून फाटकापाशी आली होती. घड्याळ तिच्या समोर होतं. आत अजून ठोकण्याचा आवाज येत होता.

घड्याळाचा काटा आठवर आला, आठच्या पुढे गेला.

दातवाला टॉर्च हातात घेऊनच बाहेर आला. काम संपत आलं होतं. त्याने एकदा घड्याळाकडे आणि एकदा मामीकडे बघितलं. तसा माणूस वाईट नाही, फक्त आशावादी आहे.

"आठ वाजले," तो म्हणाला.

मामी घड्याळाच्या खाली गेली, बाकड्यावर चढली आणि काटा पंधरा मिनिटं मागे केला. मग उतरून हात झटकले. "हे घड्याळ पुढेच असतं. शिवाय आम्ही निघालोच आहोत, डॉक्टर. ह्यांचे फक्त हात धुवायचे राहिलेत."

तीस वर्षांत तिने तारीख चुकवली नव्हती. पहिल्यांदा चुकवली ती अशी.

नवा फ्यूज टाकून मामा बाहेर आला. गाडी एकदा फाटकाच्या पट्टीवरून पुढे-मागे केली, भरल्या सामानासकट. पंखा फिरत राहिला. मग त्याने हात धुतले, एप्रनची नाडी सोडली, एप्रन खिळ्याला अडकवला. मामी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे बघत होती. पेटी जिथून सरकवली होती तिथेच पुन्हा गादीआड नीट ठेवलेली होती.

"काय झालं होतं?" तिने विचारलं.

"जोड जरा गंजला होता," मामा म्हणाला आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसला.

मामीने दारातून गादीआड एकदा डोकावलं. मग आत चढली आणि त्याला म्हणाली, "सीट जरा पुढे घ्या की, पाय पोचत नाहीत तुमचे."

"नको, अशीच बरी आहे," मामा घाईघाईने म्हणाला. सीट पुढे घेतली असती तर फडकं दिसलं असतं.

दातवाल्याने फाटक उघडलं. एवढी मदत केल्यावर त्याला गाडी परक्याची वाटेना. "परत आल्यावर विकाल का?" एवढं मात्र त्याने विचारून घेतलंच.

आता त्याला तीन आठवडे होतील. परवा मामाचा फोन आला होता. आवाज असा, की पलीकडे शिट्टी वाजवणं नुकतंच थांबलं असावं. मी खुशाली विचारली.

"मजेत. तुझ्या मामीने गाडीला नवे पडदे लावलेत. कडेला झालर आहे."

"कुठून आणले?"

"मी विचारलं नाही. कुठेतरी मिळाले असतील. आणि ऐक, आमच्या शेजारी एक गाडी मुक्कामाला होती. त्यांची वीज गेली होती. सहज बघून दिली."

"मीटरशिवाय?"

"अरे, त्यांच्याकडेच पडला होता एक."

मागून मामीचा आवाज आला. "मास्तरला म्हणावं, काल ह्यांनी त्या बिचाऱ्या नवरा-बायकोला दोन टोकांच्या दोन दगडांवर बसवलं होतं."

आणि तिच्या बोलण्याच्याही मागे, अगदी बारीक, खडखड-खडखड असा एक आवाज येत होता. फोनमध्ये खरखर आहे का, असं मी मामाला विचारलं.

"हो," मामा म्हणाला. "जोड जरा गंजलाय."